पाहुणीचा पत्ता

पुण्यात कुणालाही सांगून पाहा की मी अकोल्याला निघालेय. समोरचा आधी चेहरा गंभीर करतो आणि हळूच विचारतो, "सगळं ठीक ना?" म्हणजे कुणी आजारी आहे का, कोर्टाची तारीख आहे का. माणूस अकोल्याला आपणहून जाऊ शकतो, हे आमच्या सोसायटीत अजून कुणाला पटलेलं नाही. जिन्यात भेटलेल्या शेजारणीनं तर ऐन जानेवारीत मला कांदा बरोबर ठेवायला सांगितला, ऊन लागू नये म्हणून. मी तो ठेवला नाही. पहिल्याच संध्याकाळी दात वाजायला लागले तेव्हा कांदा नाही, पण शाल घ्यायला हवी होती हे कळलं.

मी हौसेनं निघाले नव्हते, हेही खरं. एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. व्हिसा, मुदतवाढ, राहण्याची नोंद, हेच माझं शेत आणि हेच माझं पीक. आता निवृत्त झाले तरी कुठली कुठली कॉलेजं बोलावतात. मी जाते, परदेशी मुलांना आणि तिथल्या परदेशी नोकरदारांना त्यांचे हक्क सांगते, अडल्यानडल्याला कुणाचं दार ठोठवायचं ते सांगते, आणि शाल-श्रीफळ घेऊन परत येते. या वेळी मात्र मी एक दिवस हातचा राखून ठेवला होता. अकोल्याचं काम उरकून चिखलदऱ्याला जायचं, तिथल्या डोंगरावर म्हणे कॉफी पिकते, ती तिथंच बसून प्यायची. खोलीसुद्धा ठरवली होती.

अकोला

शेतकीच्या ज्या संस्थेत माझं व्याख्यान होतं तिचं नाव सांगत नाही. माणसं चांगली होती, चहा त्याहून चांगला होता. समोर आफ्रिकेतली मुलं, काही अफगाण मुलं, मागच्या रांगेत एक परदेशी संशोधक आणि त्याच्या मांडीवर तान्हं बाळ. मी माझी नेहमीची टकळी सुरू केली. पासपोर्ट तुमचा आहे, तो तुमच्याजवळच राहील. प्रेमानं मागितला तरी कुणाच्या कपाटात ठेवायचा नाही. वाचल्याशिवाय सही नाही. अर्ज दिला की पोच घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोफत कायदेशीर मदतीचं कार्यालय असतं, तिथं जाऊन विचारा. आणि पत्ता बदलायचा असेल तर आधी कळवा, मग गादी उचला.

बाळाच्या बापानं हात वर केला. बाळ इथंच जन्मलं, जन्माचा दाखला मिळाला, आता आणखी काही लागतं का? मी म्हटलं, लागतं, बाळाचीही परदेशी नागरिक म्हणून नोंद करावी लागते. त्यानं मांडीवरच्या बाळाकडे असं पाहिलं की जणू ते काही लपवून बसलं होतं. सगळे हसले, बाळही हसलं.

चहाच्या वेळी एक उंच मुलगी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. डोक्याला घट्ट रुमाल, पायात मोजे आणि त्यावर चप्पल. मी इंग्रजीत विचारलं, काय नाव? ती म्हणाली, "आमना. सुदानची. मॅडम, तुमी सांगतलं, आधी कळवा. मी कळवलं नाई."

मला आधी तिच्या वऱ्हाडीचा धक्का बसला आणि मग तिच्या वाक्याचा. ज्वारीवर ती पीएचडी करत होती. तिची प्रयोगाची पेरणी चांदूर बाजारकडच्या एका गावात, एका निवृत्त गुरुजींच्या शेतात होती. अकोल्याहून रोज तिकडं जाणं-येणं जमेना, म्हणून गुरुजींच्या घरी दोन रात्री राहिली. मग आणखी दोन.

"मले वाटलं, पत्ता तर हॉस्टेलचा हायच," ती म्हणाली. "तिथं मी पावनी म्हनून राहून राहिली."

"किती दिवस?"

"पेरनीपासून."

पेरणीपासून कणसं भरेपर्यंत राहणारी पाहुणी मी आजवर पाहिली नव्हती. आमच्याकडे पाहुणा तिसऱ्या दिवशी स्वतःच रिक्षाची चौकशी करतो, नाही केली तर यजमान करतात.

मग तिनं फोनवर आलेलं पत्र दाखवलं. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी तिनं अर्ज केला होता. पत्ता तपासायला माणूस हॉस्टेलवर गेला तर खोलीला कुलूप. मैत्रिणीनं गावाचं नाव सांगितलं, म्हणून तिकडच्या ठाण्यातून हवालदार गुरुजींच्या घरी गेला, तर गुरुजींनी सांगितलं की इथं कुणी परदेशी राहत नाही. म्हणजे कागदावर ही मुलगी कुठंच राहत नव्हती. अकोल्याची नोंद, अमरावती जिल्ह्यातलं राहणं, असा हा घोळ. आता आठवड्याच्या आत अमरावतीच्या पोलीस कार्यालयात, परदेशी नागरिक पाहणाऱ्या शाखेत, घरमालकाला घेऊन हजर व्हा आणि खुलासा करा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल. नामंजूर झाला तर देश सोडावा लागणार.

"सोडून कुठं जाशील?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले. तिच्या गावात लढाई चालू आहे. घरात आता दुसरेच लोक राहतात. आई बहिणीबरोबर इजिप्तमध्ये एका खोलीत, आणि भावाचा फोन लागत नाही. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी माझा चहा तिच्या हातात दिला.

"मग गुरुजींना घेऊन अमरावतीला जा की."

"थे नाई येत. मी दोनदा बोलली."

मला राग आला. घरात माणूस ठेवायचं, आणि पोलीस आले की हात वर करायचे. नक्की भाडं लपवत असणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं. या गुरुजींना एकदा पाहायचंच म्हणून मी चिखलदऱ्याची खोली रद्द केली. आमनाला म्हटलं, तू आज पुढं हो, मी उद्या येते.

चुकीचं चांदूर

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या बसस्थानकावर आले. समोर गिला वडा दिसला. दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वरून मिरचीचा ठेचा. दहीवड्यासारखा दिसतो म्हणून मी दहीवड्याच्या भरवशावर मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी काढून मी दुसरी प्लेट मागितली, कारण चव सोडवेना.

त्या पाण्यातूनच बस शोधली. पाटीवर चांदूर वाचलं आणि चढले. बस गावाबाहेर पडायला लागली तेव्हा कंडक्टर आला. मी म्हटलं, एक चांदूर बाजार. तो माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाला, "मावशी, हे चांदूर रेल्वे हाय. बाजार तिकून, रेल्वे इकून. कोनी सोडलं तुमाले एकटीले?"

शेजारच्या बाईनं लगेच सगळ्या बसला माझी कथा सांगितली. बस थांबवली गेली, मागून येणाऱ्या ऑटोला हात केला गेला, ऑटोवाल्याला दम भरला गेला की मावशीले नीट स्टँडवर सोड. पुण्यात असं झालं असतं तर मला फक्त पाटी वाचता येते का, एवढं विचारलं गेलं असतं. वऱ्हाडी बोलणं ऐकायला राकट असतं, कुणी भांडतंय असंच वाटतं, पण भांडणारे सगळे माझ्याच बाजूनं भांडत होते.

योग्य चांदूरची बस लागली आणि मी खिडकीशी बसले. काळी जमीन, वाळायला आलेली तूर, कपाशीची शेवटची बोंडं आणि मध्येच संत्र्यांच्या बागा. झाडाखाली बसून माणसं संत्री निवडत होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. त्याच रेघेवर कुठंतरी माझी रद्द केलेली खोली होती, म्हणून मी तिकडं फार वेळ पाहिलं नाही.

ज्वारीच्या टोप्या

फाट्यावर गुरुजी स्वतः स्कूटर घेऊन उभे होते. किडकिडीत, मफलर गळ्याला गुंडाळलेला. मी ऑटोतून आमनाला फोनवर सांगितलं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं दिसलं. "या ताई," ते म्हणाले. "एक चांदूर पाहून आल्या, आता हे पाहा." मी भांडायची तयारी करून आले होते, आणि पहिल्या वाक्यालाच हसू आलं. यजमानानं असं करू नये.

वानखडे गुरुजींचं घर स्लॅबचं, पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली पुस्तकांचं कपाट. मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला. घरात गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई, आणि पेरणीपासून आमना. सुमनबाईंना आमना माय म्हणते. सुमनबाई तिला नावानं हाकच मारत नाहीत, नुसतं "पोरी" म्हणतात, आणि ती शेताच्या टोकाला असली तरी तिला ते ऐकू येतं.

जेवायला वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. शिवाय आमनाच्या हातचा एक पदार्थ होता. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यावर वाळवलेल्या भेंडीच्या भुकटीचं कालवण. तिच्या देशात हेच रोजचं जेवण.

"माही आजी अस्साच घाटा करे," सुमनबाई म्हणाल्या. "मी पयल्या दिवशी म्हनलं, ही तर आमच्यातलीच हाय, फक्त उन्हात जास्त उभी राह्यली."

आमना हसली. हा विनोद घरात जुना झालेला दिसत होता. घरात कोंबडी शिजते तेव्हा ती बाजारातल्या मुसलमान खाटकाकडूनच आणतात, तिला चालावी म्हणून, हे मला जाता जाता कळलं. कुणी सांगायचं म्हणून सांगितलं नाही.

जेवणानंतर शेत पाहायला गेलो. मी आयुष्यात असं शेत पाहिलं नव्हतं. ज्वारीच्या प्रत्येक कणसावर कागदी पिशवी, बुडाशी टाचलेली. एका जातीचा पराग दुसऱ्या जातीला लागू नये म्हणून फुलोऱ्याच्या वेळी या पिशव्या घालतात. सगळं शेत टोप्या घालून शाळेत बसल्यासारखं दिसत होतं. आमना एका एका टोपीखाली बोट घालून दाणा दाबून पाहत होती. पिशव्या घालायच्या दिवसांत सुमनबाई आणि गावातल्या चार बाया तिच्याबरोबर पहाटेपासून उभ्या होत्या म्हणे. हे पीक कापायच्या आत तिला जावं लागलं तर तिची सगळी मेहनत मातीत जाणार होती. पण मला त्या क्षणी पिकापेक्षा तिच्या आईची ती एक खोली जास्त आठवत होती.

परत येऊन मी गुरुजींना गाठलं. भाड्याचा विषय काढला तर ते इतके दुखावले की मला माझी लाज वाटली. भाडं नव्हतंच. आमनानं एकदा पैसे पुढं केले तेव्हा सुमनबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

"मग हवालदाराला खोटं का सांगितलंत?"

गुरुजी बराच वेळ मफलरची घडी करत राहिले. "माह्या घरी आलेल्या मानसाचं नाव मी ठान्यात देऊ? पावन्याची चुगली करू? जन्मात पयल्यांदा सरकारी मानसापुढं खोटं बोललो, ताई. पोरायले मी राज्यघटना शिकवली. तवापासून झोप लागत नाई. पन नाव नाई दिलं."

मी त्यांना समजावलं. घरी परदेशी माणूस राहायला आलं की कळवावं लागतं. भाडेकरू असो की पाहुणा, लॉज असो की घर. कळवलं नाही तर शिक्षा तुम्हाला होते, आणि घर तिचं सुटतं. तुमच्या गप्प बसण्यानं तिचं रक्षण होत नाही, तिचा पत्ता पुसला जातो. हे शेवटचं वाक्य मी जरा आवाज चढवून बोलले. सुमनबाई आतून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"येतो मी अमरावतीले," गुरुजी म्हणाले. "जे केलं थे सांगतो. दंड असन तर भरतो."

मला वाटलं, जिंकले. उद्या काय काय विचारतील ते मी एकेक करून सांगायला लागले. नाव, पासपोर्ट, कधी आली, कशासाठी आली. गुरुजी विद्यार्थ्यासारखे मान डोलवत होते. मग मी म्हटलं, आणि किती दिवस राहणार, ती तारीख.

"थे नाई सांगनार."

"का?"

"आमच्यात पावन्याले हे इचारत नाई. कवा आला हे इचारतो, कवा जाशीन हे नाई. घरी आलेल्याले असं इचारनं म्हंजे त्याच्या हातात चप्पल देनं."

मी चिडले. म्हटलं, गुरुजी, आमच्याकडे तर पाण्याच्या पेल्याबरोबरच विचारतात, मुक्काम किती? त्यात वाईट काय आहे, दूध किती घ्यायचं ते कळतं. सुमनबाई हसल्या, पण गुरुजी हलेनात. तो रकाना रिकामा ठेवू म्हणाले. मी म्हटलं, रिकामा रकाना संगणक पुढं सरकूच देत नाही. ते म्हणाले, तर संगणकाचं चुकतं. या माणसाला मी कुठल्या कलमानं हलवणार होते? आम्ही दोघंही फुगून झोपायला गेलो. माझ्या उशाशी सुमनबाईंनी कढत पाण्याचा तांब्या आणि त्यांची स्वतःची शाल ठेवली होती.

अमरावती

सकाळच्या बसमध्ये गुरुजींना पुढं जागा मिळाली, मी आणि आमना मागं. सुमनबाईंनी वाटेत खायला डबा दिला होता, तो आमनाच्या मांडीवर. मी तिला रात्रीचं गुरुजींचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

मग म्हणाली की त्यांच्याकडेही पाहुण्याला असं विचारत नाहीत, पण तीनच दिवस. तीन दिवस फक्त खाऊ घालायचं. त्यानंतर यजमान जवळ बसतो आणि विचारतो, बाबा, तुझं काय काम आहे, किती दिवस राहशील, मी काय करू? तेव्हा पाहुणा मन मोकळं करतो.

"मी तिसऱ्या दिवसापासून वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "आज इचारतीन, उद्या इचारतीन. कोनी नाई इचारलं. मले वाटलं, गुरुजीले-मायले नको हाय मी. लाजून बोलत नाईत. रोज सकाळी बॅग भरते मी, मॅडम. मायले दिसू नये म्हनून पलंगाखाली ठेवते."

मला फार वाईट वाटलं. एकाच घरात दोन चांगली माणसं, दोघंही एकमेकांचं मन राखत होती आणि त्यातच ही मुलगी इतके महिने एका भरलेल्या बॅगेवर झोपत होती. इतकी वर्षं परदेशी मुलांमध्ये काढली, नियम तोंडपाठ आहेत, पण असली अडचण कुठल्याच नियमात बसत नव्हती.

आमना म्हणाली, गुरुजींना सांगू नका. मी मान डोलवली. पण अमरावतीला उतरल्यावर ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी गुरुजींना सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो तसाच टपरीवर परत ठेवला.

"बॅग?" ते म्हणाले.

"रोज."

आमना परतताच त्यांनी ऑटोला हात केला.

आमनाला मुदतवाढ मिळाली, हे इथंच सांगून ठेवते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावून मला काय मिळणार? पीकही तिनंच कापलं. पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते मुदतवाढीच्या आधी घडलं.

पोलीस कार्यालयात आम्हाला एका खोलीत पाठवलं. तिथं एक तरुण उपनिरीक्षक बाई होत्या. टेबलावर संगणक, बाजूला फायली, खिडकीत तुळस. त्यांनी आधी आमनाचे कागद पाहिले, मग गुरुजींकडे वळल्या. गुरुजी आपोआप उभे राहिले आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत बोलायला लागले.

"हवालदार आले तेव्हा आपण म्हणालात, इथं कुणी परदेशी राहत नाही," बाई म्हणाल्या. "खरं काय?"

"खरं हे, की मी खोटं बोललो. ही मुलगी पेरणीपासून माझ्या घरी राहते आहे. तिनं मला दोन वेळा सांगितलं होतं की चला. दोष माझा आहे, तिचा नाही."

"का बोललात खोटं? शिक्षक ना तुम्ही?"

"आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी आमच्यातल्या माणसाचं नाव ठाण्यात जाणं म्हणजे काय असायचं, ते मी घरात ऐकत मोठा झालो. ते डोक्यातून गेलं नाही. घरी आलेल्या मुलीचं नाव तिथं माझ्या तोंडून जाऊ नये, असं वाटलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, बसा. नाव असलं तर ती आमच्या जबाबदारीवर असते. उद्या कुणी तिला त्रास दिला, ती आजारी पडली, हरवली, तर आम्ही शोधायचं कुणाला? ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी मी कुणाला फोन करू?"

"पटलं," गुरुजी म्हणाले आणि बसले.

बाईंनी त्यांचा जबाब घेतला. पुढच्या वेळी असं झालं तर कारवाई होईल अशी लेखी समज दिली, गुरुजींनी तीवर सही केली. मग संगणकावर नोंद भरायला घेतली. यजमानाचं नाव, गाव, पाहुणीचं नाव, पासपोर्ट, आल्याची तारीख. गुरुजी एकेक उत्तर देत होते. माझं सगळं लक्ष पुढच्या रकान्याकडे होतं.

"किती दिवस मुक्काम?" बाईंनी विचारलं.

गुरुजींनी संगणकाकडे पाहिलं, मग आमनाकडे. बाईंनी परत विचारलं. मी तोंड उघडणार होते, पण गुरुजींनी हातानं मला थांबवलं आणि खुर्ची ओढून आमनाकडे वळले. शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली.

"आमना, किती दिवस राहशीन, बेटा?"

आमनानं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ती अभ्यासक्रम संपायची तारीख सांगेल असं मला वाटलं, तेच योग्य उत्तर होतं, मीच तिला ते शिकवलं होतं. तिनं ते सांगितलं नाही.

"तुमी किती दिवस राहू द्यान?"

गुरुजींनी मफलरनं चष्मा पुसला. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. मग ते बाईंना म्हणाले, "मॅडम, या रकान्यात लांबात लांब कोनती तारीख बसते?"

"शिक्षण संपेपर्यंतची," बाई म्हणाल्या. "त्यापुढची संगणक घेत नाही."

"मंग थे टाका. अन् घेतली असती तर पुढची टाकली असती, हे पन कुठी लिहून घ्या."

"तसा रकाना नाही, गुरुजी."

"नसन," गुरुजी म्हणाले. "पन तिनं आयकलं नं."